कागदाचा धडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय मुख्याध्यापक, व्यासपीठावर बसलेले आमचे सर आणि बाई, आजही वेळेवर घंटा देणारे आमचे शिपाईमामा, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'रोममधले उद्योजक' अशी करून दिली. ती दुरुस्त करून सुरुवात करतो. मी रोममध्ये पिझ्झाच्या एका दुकानात काउंटरमागे उभा असतो. दुकान माझं नाही. मी पिझ्झा कापतो, वजन करतो, कागदात बांधून देतो आणि दिवसभर लोकांची मतं ऐकतो. २००९ पासून हेच काम करतो आहे. त्याआधी पुण्यात हॉटेलचं शिक्षण आणि मग काही वर्षं प्रवासी जहाजावर नोकरी. रोमजवळच्या चिवितावेक्क्या बंदरात जहाज लागायचं. तिथे एकदा उतरलो तो उतरलोच.

सकाळी नाश्त्याच्या वेळी निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "काय रे, तिकडचा पिझ्झा आपल्यासारखाच असतो का?" मला भाषणाला विषय दिला होता 'माझी वाटचाल'. पण वाटचाल सांगण्यासारखी फारशी नाही. त्यापेक्षा आमचं गिऱ्हाईक आमच्या पिझ्झाबद्दल काय बोलतं, ते सांगतो. त्यातच एक गोष्ट अशी आहे, की ती याच शाळेत आणि याच गावात सांगायला हवी होती.

आधी दुकान डोळ्यांसमोर आणा. आपल्या जुन्या कॅन्टीनएवढी जागा. बसायला खुर्च्या नाहीत. समोर काचेचा लांब काउंटर, त्यात लोखंडी आयताकृती ट्रे ओळीने मांडलेले. एक ट्रे साठ सेंटीमीटर लांब आणि चाळीस रुंद. त्या ट्रेला इटालियनमध्ये म्हणतात 'तेल्या'. नाव ऐकून हसू नका, त्याला भरपूर ऑलिव्ह तेल लावावं लागतं, त्यामुळे नाव शोभतं. गोल पिझ्झा आमच्याकडे नाही. याला 'पिझ्झा अल तालियो' म्हणतात, म्हणजे कापून विकायचा पिझ्झा. गिऱ्हाईक नंबराची चिठ्ठी घेतं, नंबर आला की बोटाने दाखवतं, "हा, एवढा." मी सुरी टेकवून विचारतो, "एवढा?" तो म्हणतो, "थोडा कमी." मग कापायचा, काट्यावर ठेवायचा, भट्टीत पुन्हा गरम करायचा आणि कागदात द्यायचा. भाव वजनावर. शंभर ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं पावशेर, अच्छेर म्हणायची, तसं तिथे 'दीड एत्तो', 'दोन एत्ती'.

म्हणजे बघा, मी सातासमुद्रापलीकडे गेलो आणि पुन्हा तराजूपुढेच उभा राहिलो. आमचं किराणा दुकान तुम्हाला आठवत असेल. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीशेजारी. तुमच्यातल्या निम्म्या जणांनी आमच्या अण्णांच्या हातची गुळाची ढेप नेली आहे.

आता मतांकडे वळतो.

रोमचं नेहमीचं गिऱ्हाईक स्तुती फारशी करत नाही. चांगलं झालं असेल तर ते खातं आणि जातं. चुकलं असेल तर सांगतं, आणि सांगताना लाजत नाही. काही आजीबाई पिझ्झाचा तुकडा हातात घेतल्याबरोबर उलटा करतात. वरचं टोमॅटो-चीज त्या बघतच नाहीत. त्यांना तळ बघायचा असतो. तळ सारखा भाजलाय का, कुठे पांढरा राहिलाय का. तळ फिका दिसला की म्हणतात, "आज आजारी आहे का हा?" आपल्या आईने भाकरी उलटून बघावी, अगदी तसंच.

दुसरं मत पोटाचं. हे मला सुरुवातीला कळायचं नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं, "काल रात्री मला दोनदा पाणी प्यायला उठावं लागलं." मला वाटायचं, मग मी काय करू? नंतर समजलं, ही तिथली मोठी तक्रार आहे. पिझ्झा खाऊन तहान लागली किंवा पोट जड झालं, तर पीठ नीट आंबलं नव्हतं, असं ते धरतात. आमचं पीठ किलोला जवळपास आठशे ग्रॅम पाणी घालून मळतात. इतकं सैल, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, हे फसलं. मग ते फ्रीजमध्ये निदान चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस तास आंबत ठेवायचं. एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास पीठ लागतं. मळायला माझा इजिप्तचा सहकारी असतो. त्याचा हात इतका हलका आहे, की पिठातले बुडबुडे फुटत नाहीत आणि भाजल्यावर आत जाळी पडते. शनिवारी गर्दी जास्त, म्हणून एखाद्या वेळी पीठ सहा तास लवकर काढलं, तर सोमवारी हमखास कुणीतरी येऊन तहानेबद्दल बोलतं. आम्ही कुणाला सांगितलेलं नसतं. पण पोटाला कळतं.

रोममध्ये या पिझ्झाचा दर्जा गेल्या काही वर्षांत फार वर गेला. गाब्रिएले बोंची नावाच्या पिझ्झेवाल्याने २००३ मध्ये व्हॅटिकनच्या मागच्या बाजूला 'पिझ्झारियम' हे छोटं दुकान काढलं. भरपूर पाणी, लांब आंबवण, वर मोसमातल्या भाज्या, असा त्याचा पिझ्झा गाजला. तेव्हापासून आमच्यासारख्या साध्या दुकानातलं गिऱ्हाईकही जाणकार झालं. परीक्षक झालं म्हणा ना. पूर्वी म्हणायचे, "चांगला आहे." आता म्हणतात, "आज पीठ कुठलं होतं?"

पर्यटकांची मतं वेगळी. त्यांची पहिली तक्रार अशी, की पिझ्झा शिळा आहे, आधीच करून ठेवलाय. त्यांना समजावतो, हा प्रकारच असा आहे. एकदा भाजून ठेवायचा, देताना पुन्हा तापवायचा, म्हणजे तळ कुरकुरीत होतो. पण खरं सांगतो, दुपारी साडेतीनला उरलेला तुकडा असेल, तर त्यांचं म्हणणं बरोबर असतं. तो कितीही तापवा, कडा चामड्यासारख्या होतात. तेव्हा मी स्वतःच म्हणतो, "हा घेऊ नका, दहा मिनिटांत नवा ट्रे येतोय."

दुसरी तक्रार भावाची. पाटीवर किलोचा भाव असतो आणि पाहुण्याला वाटतं, तो तुकड्याचा भाव. मग एक तर तो घाबरून निघून जातो, नाहीतर हाताने भलामोठा तुकडा दाखवतो आणि बिल बघून चिडतो. म्हणून परदेशी माणूस दिसला, की मी कापायच्या आधीच सांगतो, "एवढ्याचे साधारण साडेतीन युरो होतील." त्याने निम्मी भांडणं कमी झाली.

आणि आपले भारतीय! एकदा एक मराठी कुटुंब आलं. मला बघून काकूंनी विचारलं, "बाळा, तू आपल्याकडचा का रे?" मी होय म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की मागची रांग थांबली. त्यांना शाकाहारी हवं होतं. मी बटाट्याचा पिझ्झा दिला. रोमचा हा जुना प्रकार. टोमॅटो नाही, बटाट्याचे पातळ काप, ऑलिव्ह तेल, मीठ आणि रोझमेरीची पानं. काकूंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, या तर काचऱ्या! भाकरीवर काचऱ्या घातल्यात." मग पर्समधून चटणीची डबी काढली, वर भुरभुरली आणि मला म्हणाल्या, "आता बघ." मी बघितला. खोटं कशाला बोलू, छान लागत होता.

तुमच्यातले जे कडक शाकाहारी तिकडे येतील, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. पार्मिजानो चीज करताना दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं. भोपळ्याच्या फुलांचा पिझ्झा दिसायला सुंदर, पण त्यात अँचोव्ही नावाचे खारे मासे असतात. विचारून घ्या. विचारलं तर कुणी रागावत नाही. नुसत्या टोमॅटोचा लाल पिझ्झा आणि तेल-मिठाचा पांढरा पिझ्झा मागितलात, तर फारशी अडचण येणार नाही.

काही मतं पिझ्झावर नसतात, ती पिझ्झा करणाऱ्यावर असतात. मी काउंटरवर, माझा सहकारी भट्टीवर. एकदा एक गृहस्थ आत आले, दोघांकडे बघितलं आणि मालकाला विचारलं, "इथे इटालियन कोण आहे?" मालकाने ट्रेकडे बोट दाखवलं. "हा." त्या गृहस्थांनी अर्धा एत्तो घेतला, चव बघायला. मग आणखी दीड घेतला. बोलले काहीच नाहीत. मालकाचं ते एक बोलणं मी कधी विसरलो नाही. याच मालकाबद्दल आता मी जे सांगणार आहे, ते ऐकताना हेही लक्षात ठेवा.

आता ती मुख्य गोष्ट.

२०१३ मधली. आमचं एक रोजचं गिऱ्हाईक होतं. निवृत्त बसड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेले. आपण त्यांना आजोबा म्हणू. रोज सव्वाबाराला यायचे. एक तुकडा लाल, एक बटाट्याचा, दोन्ही मिळून दीड एत्तो. दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून, मध्ये घडी घालून, कागदात. बोलणं मोजकंच. "तळ बरा आहे." "मीठ जास्त." एवढंच. एकदा सुप्ली घेतली होती. सुप्ली म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या भाताचा तळलेला गोळा, आत मोझरेला. तोडल्यावर चीजची तार लांबली पाहिजे, म्हणून त्याला गंमतीने 'टेलिफोनची सुप्ली' म्हणतात. त्या दिवशी तार निघाली नाही. दोन्ही हातांत अर्धी अर्धी सुप्ली धरून आजोबा म्हणाले, "लाइन बंद आहे." मी आतून दुसरी गरम आणून दिली.

एक दिवस दुपारी दुकान भरलेलं होतं. मी आजोबांचे तुकडे पुठ्ठ्याच्या छोट्या ट्रेवर ठेवले, तो ट्रे काट्यावर ठेवला, आकडा वाचला, पैसे सांगितले. त्यांनी काट्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कागदही खायचा का?"

मी हसलो. मला वाटलं, विनोद केला. मी म्हटलं, "तो पचायला हलका आहे." रांगेतले दोघे-तिघेही हसले. आजोबांनी पैसे दिले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मला वाटलं, आजारी असतील. आठवड्याने मी दूध आणायला निघालो होतो, तेव्हा चौकातल्या बाकावर बसलेले दिसले. हातात पिझ्झा होता. कागद दुसऱ्या दुकानाचा.

त्याच आठवड्यात कुण्या पर्यटकाने आमच्या दुकानाची भरपूर तारीफ लिहिली होती. पाच तारे. मालकाने ती छापून भिंतीला चिकटवली. त्यात लिहिलं होतं, की काउंटरवरचा भारतीय माणूस फार प्रेमळ आहे. मी ती रोज वाचायचो. आणि रोज सव्वाबाराला दाराकडे बघायचो.

मित्रहो, काट्याला एक बटण असतं. रिकामा पुठ्ठा ठेवायचा, बटण दाबायचं, की आकडा शून्यावर येतो. मग पिझ्झा ठेवायचा. म्हणजे कागदाचं वजन जातं. इटालियनमध्ये त्याला 'तारा' म्हणतात. आपल्याकडे त्याला काय म्हणतात, ते या गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. धडा.

आमच्या दुकानात बायका तेलाला किटली घेऊन यायच्या. अण्णा आधी रिकामी किटली एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात दगड, खिळे, वाळूची पुडी असं काहीबाही टाकून काटा बरोबर मध्ये आणायचे. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बघा वहिनी, धडा झाला." ती मान हलवायची. मगच तेल. मंगळवारच्या बाजाराला दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, तरी हे चुकायचं नाही. मी कंटाळायचो. एकदा म्हटलं होतं, "अण्णा, किटली केवढीशी, सोडा ना." ते म्हणाले होते, "किटली तिची आहे. आपण तिला तिचीच किटली विकायची का?"

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी गर्दीच्या वेळी मी ते बटण दाबत नव्हतो. मी दुकानात लागलो, तेव्हा मालकाने सांगितलं होतं, "सकाळी दाबलंस तरी चालेल, पण बारा ते दोन वेळ घालवू नकोस." पहिले काही दिवस मनाला टोचलं. मग सवय झाली. मग आठवणसुद्धा राहिली नाही. मालकावर ढकलून मी मोकळा होऊ शकतो. पण बोट माझं होतं.

त्या रात्री बसून हिशेब केला. पुठ्ठा आणि त्यावरचा कागद मिळून वीस ग्रॅम. भाव धरा किलोला अठरा युरो. म्हणजे माणशी छत्तीस सेंट. दुपारची गिऱ्हाइकं दोनशे. दिवसाला बहात्तर युरो. आम्ही दिवसाला बहात्तर युरोचा पुठ्ठा पिझ्झाच्या भावाने विकत होतो. आणि इटलीत यासाठी १९८१ चा कायदा आहे. वजनावर विकायचा माल निव्वळ वजनानेच विकायचा, वेष्टनाचं वजन धरायचं नाही. ढोबळ वजन आणि निव्वळ वजन, ही गणितं सरांनी आपल्याला याच इमारतीत फळ्यावर घातली होती. माझी ती बरोबर यायची. पण सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला होता, "हुशार आहे, पण घाई करतो." सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, तो शेरा तीस वर्षांनीही तंतोतंत लागू आहे.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला हिशेबाचा कागद दाखवला. ते म्हणाले, "सगळेच असं करतात." मी म्हटलं, "सगळे नाही करत. आजोबा ज्या दुकानात जातात, तिथे करत नसतील." ते चिडले. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. घरभाडं होतं, मुलगी लहान होती, मी रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो, तर मालक स्वतः काट्यापुढे उभे होते. पुठ्ठा ठेवायचे, बटण दाबायचे, पुठ्ठा उचलायचे. घड्याळात बघत होते. मला म्हणाले, "दोन सेकंद लागतात." आणि आत गेले. त्यानंतर यावर आमचं बोलणं झालं नाही, पण बटण चुकलं नाही. भिंतीवरची ती पाच ताऱ्यांची तारीफ मात्र मी काढून ठेवली. मला ती रोज बघवेना.

राहिले आजोबा. फुकट पिझ्झा घेऊन त्यांच्याकडे जावं, असं मनात आलं. पण ते बरं दिसेना. लाच दिल्यासारखं झालं असतं. मी नुसता बाकाजवळ गेलो आणि म्हटलं, "त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं. तुमचं बरोबर होतं. आता आम्ही कागद वजा करतो." त्यांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी सव्वाबाराला दारात उभे. रांगेत थांबले. नंबर आला. मी पुठ्ठा ठेवला, बटण दाबलं, आणि त्यांना दिसावं म्हणून पुठ्ठा क्षणभर उचलला. काट्यावर उणे वीस ग्रॅम दिसलं. पुन्हा ठेवला, शून्य. आजोबांनी ते बघितलं. मग म्हणाले, "लाल आणि बटाटा. दीड एत्तो." पिझ्झा घेतला, उलटा केला, तळ बघितला. "बरा आहे," म्हणाले, आणि गेले.

आजवर आमच्या दुकानाबद्दल ऐकलेल्या सगळ्या मतांमध्ये मला ते 'बरा आहे' सगळ्यात मोठं वाटतं. कारण त्या आधीचे तीन आठवडे ते काहीच बोलले नव्हते. तक्रार करणारं गिऱ्हाईक आपल्याला एक संधी देत असतं. आजोबांनीही दिली होती, पाच शब्दांचीसुद्धा नाही, आणि मी ती हसण्यावारी नेली. जे गिऱ्हाईक न बोलता दुसऱ्या दुकानात जातं, त्याचं मत कुठल्याच भिंतीवर लागत नाही. आमच्याकडून किती जण तसे गेले असतील, मला माहीत नाही. तोंडावर विचारणारे एकटे आजोबा होते.

मी हे सगळं अण्णांना फोनवर सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आधीच्या दिवसांचे?"

मला काही बोलता येईना. आधीचे चार वर्षांचे दिवस. कुठली कुठली माणसं, जगभरातून आलेली, कुणाकुणाला शोधणार? मी तसं म्हटलं. अण्णा म्हणाले, "हं." आणि पावसापाण्याचं विचारायला लागले. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. २०१९ मध्ये अण्णा गेले. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलेलं नाही, आणि आज तुमच्यासमोरही माझ्याकडे ते नाही.

एवढंच करतो, की वजन झालं, पैसे सांगून झाले, की ट्रेच्या कडेचा एखादा छोटा तुकडा वर ठेवतो. अण्णा शेंगदाणे मोजून झाल्यावर पोराच्या हातावर चार दाणे ठेवायचे, तसा. मालकाला माहीत आहे. ते बघितलं न बघितल्यासारखं करतात. गिऱ्हाइकांचं मत असं, की काउंटरवरचा माणूस उदार आहे. मी ते मत ऐकतो आणि गप्प बसतो. उदारपणा कसला, हप्ते फेडतोय.

मित्रहो, फार बोललो. जेवणाची वेळ झाली आहे आणि मागच्या रांगेतून मला घड्याळ दाखवायला सुरुवात झाली आहे. एकच विनंती करतो. आज संध्याकाळी आपण पांगू. मग वर्षभर ग्रुपवर एकमेकांना फुलं आणि अंगठे पाठवू. पण आपल्यातलं कुणी चुकताना दिसलं, तर त्याला आजोबांसारखं तोंडावर विचारा. आणि मला विचारलंत, तर या वेळी मी हसणार नाही.

सर, बाई, तुम्ही आमच्या वह्यांवर लाल शाईने जे शेरे लिहिलेत, त्यांबद्दल मनापासून आभार. आणि तुम्हा सगळ्यांना रोमला यायचं आमंत्रण. पिझ्झा फुकट मिळणार नाही, दुकान माझं नाही हे सुरुवातीलाच सांगितलं. पण कागदाचा धडा केलेला असेल, आणि वर एक छोटा तुकडा नक्की मिळेल. चटणीची डबी तेवढी तुमची तुम्ही आणा.